नीनाच्या खोलीतले देव

कॅरी, अमेरिका, १६ नोव्हेंबर २०२५

ती. आई,

नमस्कार. पत्राची सुरुवात कशी करायची यातच अर्धा तास गेला. शिरसाष्टांग वगैरे लिहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, समोर होते तेव्हा धड बोलत नव्हती आणि आता कागदावर लोटांगण घालते आहे. म्हणून नुसता नमस्कार.

तुम्ही फोनवर येत नाही. परीक्षित रविवारी तुमच्याशी बोलतो तेव्हा मी शेजारीच बसलेली असते. त्याने "आश्लेषाला देऊ का?" म्हटलं की नेमकी तुमच्या कुकरची शिट्टी होते. नागपुरात संध्याकाळी साडेसातला कुकर लागतो हे मान्य, पण दोन्ही रविवारी त्याच क्षणी? व्हॉट्सॲपवर पाठवलेलं तुम्ही उघडत नाही. इथल्या मंडळातल्या शैलजाताई मंगळवारी नागपूरला निघाल्या आहेत. त्यांच्या बॅगेत दोनशे ग्रॅमची जागा उरली होती, ती मी मागून घेतली.

दिवाळीच्या शनिवारी जे झालं ते तुमच्या डोळ्यांसमोर झालं, तरी माझ्या बाजूने एकदा सांगते. घरात पंचवीस माणसं. आपले देव नीनाच्या खोलीत, तिच्या भिंतीतल्या कपाटात, त्यामुळे जो येईल तो वर जाऊन नमस्कार करून येत होता. तुम्ही निरांजन लावत होतात. पोरगी आंघोळ करून टॉवेलवर बाहेर आली, तर खोलीत पाच काकू, पलंगावर सगळ्यांच्या पर्सेस, आणि एक काकू (नाव घेत नाही, तुम्हाला माहीत आहे) तिची चित्रांची वही चाळत उभी. ती किंचाळली. आणि नेमकं तुमच्याकडे बघून म्हणाली, "गेट आउट! टेक युअर गॉड्स अँड गेट आउट ऑफ माय रूम!" खाली हॉलपर्यंत ऐकू गेलं.

तुमचं निरांजन लावून झालं, खाली आलात, सगळ्यांना शंकरपाळी वाढलीत. आणि दहा दिवसांनी तिकीट बदलून, मुक्काम तीन महिने राहिलेला असताना, निघून गेलात. विमानतळावर नीनाने वाकून नमस्कार केला तेव्हा तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवलात, पण तिच्याकडे बघितलं नाहीत. ते मी पाहिलं.

तिच्या वतीने मी माफी मागते. पंधरा वर्षांची आहे, या वयात जीभ सुटते. तिला तसं म्हणायचं नव्हतं. पण एक माझंही ऐका. देव वर ठेवले, तुमचा पलंग तिच्या खोलीत टाकला, हे सगळं कुणाच्या सोयीसाठी केलं होतं? आम्ही आमच्या परीने तुमचं मन राखायलाच बघत होतो. त्याची अशी परतफेड व्हावी याचं मलाही वाईट वाटतं.

तुम्हाला एक सांगितलं नव्हतं. या सत्रात तिच्या शाळेचे नऊ दिवस बुडाले. रोज सकाळी पोट दुखतं. डॉक्टरांना काही सापडत नाही. तुम्ही असताना मी "आज तिला उशिरा जायचंय" असं म्हणायची, ते खोटं होतं. काळजी करू नका, लिहून मोकळी झाले एवढंच.

तुमची हिरवी शाल इथेच राहिली आहे. ती पाठवणार होते, पण दोनशे ग्रॅममध्ये बसली नाही.

आश्लेषा

कॅरी, ७ डिसेंबर २०२५

ती. आई,

पत्र मिळालं एवढं तुम्ही परीक्षितला सांगितलंत. पुढे काही बोलला नाहीत. ठीक आहे. सध्या तिकडे जाणारं कुणी नाही, म्हणून हे पोस्टाने पाठवते आहे.

मंगळवारी सकाळी दहा वाजता मला ऑफिसात शाळेचा फोन आला की नीना आलेली नाही. मी तर तिला सात वाजता बसकडे जाताना पाहिलं होतं. परीक्षित मीटिंगमध्ये, तो फोन उचलेना. गाडी कशी चालवली ते मला सांगता येणार नाही. घरभर हाका मारल्या. वर, खाली, मागच्या अंगणात. मग गॅरेजचं दार उघडलं.

आई, तुम्ही पेपर वाचता. बंद गॅरेज, त्यात बंद गाडी, आणि मागच्या सीटवर मुलगी. धावत जाऊन मी काच बडवली. तिने कानातलं काढलं, दचकून माझ्याकडे बघितलं. गाडी बंद होती. किल्ली स्वयंपाकघरात खिळ्यालाच होती. मांडीवर भूमितीची वही, अंगावर पांघरूण. अभ्यास करत बसली होती, बस्स. मी तिला बाहेर ओढली, आधी मिठी मारली, मग ओरडले, मग परत मिठी मारली. "इथे का? घरात तुला काय कमी आहे?" तर म्हणाली, "मॉम, धिस इज द ओन्ली डोअर दॅट लॉक्स." रागाने नाही, रडूनही नाही. कुणी पत्ता विचारावा आणि आपण सांगावा, तसं.

सप्टेंबरपासून ती दुपारी तिथे बसत होती. तुम्हाला आणि मला वाटायचं, मैत्रिणीकडे गेली आहे.

गुरुवारी शाळेतल्या काउन्सिलरबाईंनी बोलावलं. त्यांनी विचारलं, घरात नीनाला एकटीला अशी जागा कुठली? मी ताठ बसून सांगितलं, तिला स्वतंत्र खोली आहे, बारा बाय तेरा. हेही सांगितलं की मी नाशिकला दोन खोल्यांत सात माणसांत वाढले, ओट्याखाली पाट टाकून बारावीचा अभ्यास केला आणि मला काही झालं नाही. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग नीनापुढे कागद ठेवला आणि म्हणाल्या, तुझी खोली काढ, आणि त्यातला तुझा भाग रंगव.

चित्र ती उत्तम काढते. मोजून मापून खोली काढली. कपाटात देव. खिडकीपाशी आजीचा पलंग. भिंतीला लागून इंडियाच्या आठ बॅगा, एकावर एक. गणपतीच्या मखराचं खोकं. पाहुण्यांच्या रजया. सामानाचा वजनकाटा. आणि फुलपाखरांचे स्टिकर, जे मी ती सहा वर्षांची असताना लावले होते. मग तिने पिवळी पेन्सिल घेतली आणि जमिनीवरची तिची गादी रंगवली. तीही पूर्ण नाही. पायाकडचा एक तुकडा सोडला, कारण तिथे तुमची औषधांची पिशवी असायची. इतकं प्रामाणिक. मला कागदाकडे बघवेना.

बाई म्हणाल्या, खोली म्हणजे औषध नाही, दर बुधवारी तिने बोलायला यायचंच. पण सुरुवात तिथून करा. तिच्या जागेत काय राहील आणि काय जाईल ते तिला ठरवू द्या.

म्हणून तुम्हाला न विचारता एक केलं. शनिवारी देव हलवले. परीक्षितने आंघोळ केली, सुपारी ठेवली, अक्षता वाहिल्या आणि म्हणाला, "चला, खाली चांगला उजेड आहे." स्वयंपाकघर आणि जेवणाच्या टेबलामधल्या भिंतीवर फळी लावली आहे. ईशान्य कोपरा सुटला. तुम्हाला राग येणार हे मला ठाऊक आहे, पण तो सगळा माझ्यावर काढा, पोरीवर नको.

आश्लेषा

कॅरी, ४ जानेवारी २०२६

ती. आई,

आधी चांगलं सांगते. नाताळच्या सुट्टीआधीच्या दोन आठवड्यांत शाळेचा एकच दिवस बुडाला. सकाळचं पोट अजून दुखतं, पण ती उठते, थोडं खाते आणि जाते.

सुट्टीत तिने खोली करायला घेतली. करायला घेतली म्हणजे आधी रिकामी केली. बॅगा माळ्यावर गेल्या, रजया आमच्या खोलीत आल्या. मखराचं खोकं कुठे ठेवायचं यावरून माझं आणि परीक्षितचं भांडण झालं आणि शेवटी ते त्याच्या ऑफिसच्या टेबलाखाली गेलं. आता तो पाय दुमडून मीटिंगला बसतो. धूर झाला की वाजणाऱ्या त्या भोंग्यावर आम्ही आरतीच्या वेळी अंघोळीची टोपी चढवायचो, ती गेली दोन वर्षं तशीच होती. नीनाने खुर्चीवर चढून ती काढली, दोन बोटांत धरून माझ्यापुढे नाचवली आणि हसली. आई, ती किती दिवसांनी हसली म्हणून सांगू.

फुलपाखरं तिने केस वाळवायच्या यंत्राने गरम करून एकेक सोडवली. दीड दिवस लागला. मी मदत करू का विचारलं तर म्हणाली, "नको. मी करते." मराठीत म्हणाली. नंतर दुकानातून रंगांचे नमुने आणले आणि भिंतीवर सहा ठिपके काढले. सहाही हिरवे. मला तर चार सारखेच दिसत होते. तिने दोन दिवस सकाळ-दुपार-संध्याकाळ बघून सगळ्यात गडद निवडला, भिजलेल्या शेवाळासारखा. माझ्या ओठांवर आलं होतं की खोली आहे की विहीर. पण काउन्सिलरबाई आठवल्या आणि गप्प बसले. आता लावल्यावर बरा दिसतो. खिडकीतून ऊन आलं की छान दिसतो, खरं सांगायचं तर.

खिडकीपाशीचा पलंग तिने घेतला आणि टेबल असं ठेवलं की बसल्यावर दाराकडे पाठ होत नाही. पाठीमागे दार असलं की मला कुणीतरी बघतंय असं वाटतं, असं ती म्हणाली. इतकी वर्षं तसंच तर बसत होती. दाराच्या कडीवरून चार दिवस वाद झाला. मी नको म्हणत होते. ते गॅरेज माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. शेवटी बाईंना विचारून अशी कडी बसवली जी आतून लागते, पण वेळ आली तर बाहेरून नाण्याने उघडते. आम्ही उगाच उघडणार नाही, असं परीक्षितने तिला वचन दिलं. मीही दिलं.

आता दुसरं. हे लिहायचं म्हणून मी तीन दिवस हे पत्र पुढे ढकलते आहे.

सोमवारी आम्ही दोघी भिंत रंगवत होतो. ती वर, मी खाली. मध्येच ती म्हणाली, "आजी हे बघून काय म्हणेल?" मी म्हटलं, "काय म्हणणार?" तर हातातला रोलर न थांबवता म्हणाली, "यू'ल टेल मी शी हेट्स इट. यू ऑलवेज डू." तू सांगशील की आजीला आवडलं नाही, तू नेहमीच तसं सांगतेस.

आई, ते खरं आहे. दार बंद ठेवायचं नाही, आजीला आवडत नाही, असं मी तिला सांगत आले. तुम्ही असं कधीही म्हणाला नव्हता. दार उघडं मला हवं होतं, ती फोनवर कुणाशी बोलते ते कळावं म्हणून. आईचं कोण ऐकतं? आजीचं नाव घेतलं की पोर वाद घालत नसे. आणि देव. ईशान्य कोपऱ्याशिवाय आईंना चालणार नाही, असं मी परीक्षितला सांगितलं, नीनाला सांगितलं, शैलजाताईंनाही सांगितलं. आम्ही घर घेतलं तेव्हा तुम्ही फोनवर एकदा एवढंच म्हणाला होतात की जमलं तर ईशान्येला ठेवा, नाहीतर स्वयंपाकघरात फळीवर ठेवा. फळी मलाच नको होती. नवं पांढरं स्वयंपाकघर होतं, काजळी धरली असती. खरं कारण तेवढंच.

म्हणजे त्या दिवशी ती तुमच्यावर ओरडली ती माझ्या बोलण्यावर ओरडली. तुम्ही मधल्यामध्ये सापडलात. आणि पहिल्या पत्रात मी वर तुम्हालाच ऐकवलं की सगळं तुमच्या सोयीसाठी केलं. ते वाक्य लिहिताना माझा हात जरासुद्धा अडखळला नव्हता, याची मला लाज वाटते.

नीनाला अजून सांगितलेलं नाही. आत्ता कुठे जरा सावरते आहे. तिला हे कळलं तर ती माझ्याशी बोलणं सोडेल अशी भीती वाटते.

आश्लेषा

कॅरी, १ फेब्रुवारी २०२६

ती. आई,

शैलजाताई परवा परतल्या. त्यांनी तुमची पुडी दिली. भाजणी, वर चिठ्ठी, 'परीक्षितसाठी'. आणि आत घडी घातलेला कागद, माझ्यासाठी. 'माझ्या नावावर आणखी काय काय खपवलंस ते सगळं लिही. मोघम नको.' खाली सही. तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईकडून मी दुसरी काय अपेक्षा करावी?

लिहिते.

केस खांद्यापर्यंत कापायचे नाहीत, हे तुमच्या नावावर. मैत्रिणींनी रात्री राहायला यायचं नाही, आजीची झोपमोड होते, हेही. भिंतीवर चित्रं चिकटवायची नाहीत. मासिक पाळीत देवांच्या कपाटाकडे जायचं नाही. हे तर तुम्ही स्वतः आयुष्यात कधी पाळलं नाहीत. मला शैलजाताईंच्या घोळक्यात काय म्हणतील याची धास्ती होती. त्या चार दिवसांत तिचे कपडे त्याच कपाटात अडकायचे, मग ती तेच दोन शर्ट आलटून पालटून घालायची. हे लिहिताना मला कसंतरी होतंय, पण तुम्ही सगळं लिही म्हणालात.

याहून वाईट म्हणजे मी दुसऱ्या बाजूनेही तेच केलं. तुम्ही पहिल्या दिवशी कपाट उघडून म्हणालात, "अगं, जीन्सच्या शेजारी देव?" मी म्हटलं, नीनाचाच हट्ट, तिला देव जवळ हवे असतात. तुमचे डोळे भरून आले होते. रोज जिना चढताना तुमचे गुडघे दुखायचे. तुम्ही खाली परीक्षितच्या ऑफिसात झोपू का असं दोनदा विचारलंत. मी सांगितलं, नीनाला तुमच्याशिवाय झोप येत नाही. आणि नीनाला सांगितलं, आजीला एकटीला भीती वाटते. खालची खोली परीक्षितला सोडायची नव्हती आणि मला त्याच्याशी भांडायचं नव्हतं. तुम्ही दोघी एकमेकींसाठी सहन करत तीन महिने एका खोलीत राहिलात, आणि मी खाली मैत्रिणींना सांगत होते की आजी-नातीचं किती गूळपीठ आहे.

ती इंग्रजीत बोलते, तुम्ही मराठीत. दोघींनाही दुसरीचं अर्धंच कळतं, आणि उरलेलं अर्धं मी सांगायची. कुणी तपासणारं नव्हतं. सुरुवातीला खरंच घरात शांतता राहावी म्हणून केलं. मग सवय लागली. म्हणून तर त्या दिवशी तुम्हाला इतकं लागलं. जिने देव हट्टाने जवळ ठेवून घेतले असं तुम्हाला वाटत होतं, तीच म्हणाली की देव घेऊन चालती हो.

हे सगळं मी काल नीनालाही सांगितलं. तुमचा कागद वाचल्यावर राहवेना. दार वाजवलं, तिने आत घेतलं, मी खुर्चीवर बसले आणि सांगत गेले. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाली, "सो आजी डिडन्ट से एनी ऑफ इट?" मी म्हटलं, नाही, एकही नाही. तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता वही फेकून मारेल. ती म्हणाली, "आय सेड दॅट टू हर. इन फ्रंट ऑफ एव्हरीवन. बिकॉज ऑफ यू." मग दाराकडे बोट केलं. मी बाहेर आले. आतून कडी लागली.

आज दुसरा दिवस. जेवायला येते, ताट उचलते, वर जाते. माझ्याशी बोलत नाही. परीक्षितशी बोलते. मी जिन्यात उभी राहून एकदा खिशात नाणं चाचपलं, खोटं बोलत नाही. पण वर गेले नाही. बाई म्हणाल्या होत्या की तिला रागावता येईल अशी जागा असणं चांगलं. तेव्हा मला ते पुस्तकी वाटलं होतं. पूर्वी ती रागावली की जायला जागा नव्हती, म्हणून ते सगळं तिच्या पोटात जात होतं. आता दाराआड निदान माझ्यावर तरी रागावते आहे.

उद्या ती शाळेत जाते की नाही, माझा सगळा जीव त्यात अडकला आहे.

आश्लेषा

कॅरी, १५ मार्च २०२६

ती. आई,

गेली. त्या सोमवारी गेली आणि नंतरही जाते आहे. फेब्रुवारीत एकही दिवस बुडाला नाही, मार्चमध्ये एक, तीही सर्दीने. सगळं छान झालं असं नाही. बुधवारचं बोलणं चालूच आहे. मध्येच एखादा दिवस ती पुन्हा गप्प होते. गॅरेजमधल्या गाडीत जाऊन मात्र आता बसत नाही.

माझ्याशी अकराव्या दिवशी बोलली. तोही काही मोठा प्रसंग नव्हता, "मीठ दे." मी इतक्या घाईने दिलं की सांडलं.

पूर्वी घरी कुणी आलं की ती वर पळायची आणि आम्हाला वाटायचं, माणूसघाणी आहे. आता माझी मैत्रीण हिमानी आली की नीना आपणहून खाली येते, वीस मिनिटं बसते, गप्पा मारते आणि "ओके, आय'म डन" म्हणून वर जाते. हिमानी मला म्हणाली, "यार, हिला काय खाऊ घातलंस?" मी म्हटलं, काही नाही, दार वाजवायला शिकलो. परवा तिच्या दोन मैत्रिणी राहायला आल्या होत्या. मोठमोठ्याने हसत होत्या. मी पांघरुणात पडल्या पडल्या ऐकत होते.

हा आठवडा मोठ्या कामाचा गेला. परीक्षितने त्याचं ऑफिस वर आमच्या खोलीच्या कोपऱ्यात हलवलं. मी भांडले नाही, तोच म्हणाला. तुम्ही त्याला फोनवर काय सुनावलंत ते त्याने मला सांगितलेलं नाही, पण दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून पडदा लावायची काठी घेऊन आला. खालची खोली रिकामी झाली आहे. तिथून तीन पावलांवर बाथरूम आहे, पायरी एकही नाही.

ही खोली तुमची आहे, असं लिहिणार होते. पण नीनाने मला थांबवलं. ती म्हणाली, "डिड यू आस्क हर?" आजीला विचारलंस का की तिला यायचं आहे? मी म्हटलं, येतील गं, आजी तुझ्यावर रागावून बसणाऱ्यातल्या नाहीत. आई, म्हणजे बघा, मी पुन्हा सुरू केलं होतं. तुमच्या तोंडात शब्द घालून मोकळी. तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी म्हटलं, नाही, विचारलेलं नाही. मला माहीत नाही.

मग ती म्हणाली, तिला तुम्हाला दोन गोष्टी सांगायच्या आहेत आणि एक विचारायची आहे. मी हातातलं काम टाकून म्हटलं, सांग, मी लिहिते. तर म्हणाली, "नो. नॉट थ्रू यू."

म्हणून मी फक्त वेळ कळवते आहे. हे पत्र हिमानीबरोबर देते, ती मंगळवारी निघते आणि नागपुरात पोचली की तुमच्या हातात देईल. शनिवारी, २८ मार्चला, आमच्या सकाळी नऊ वाजता, म्हणजे तुमच्या संध्याकाळी साडेसहाला, नीना तुम्हाला तिच्या फोनवरून फोन करेल. उचलायचा की नाही ते तुम्ही ठरवा. उचला असं मी म्हणणार नाही. आणि ती काय विचारणार आहे हे मला खरोखरच माहीत नाही, तेव्हा अंदाजही लिहीत नाही.

ती महिनाभर मराठी वाक्यं लिहून काढते आहे. एक कागद कचऱ्यात सापडला, त्यावर 'आजी मला' एवढंच होतं आणि पुढे खोडलेलं. मी वाचायला नको होता. वाचला, तेही सांगून टाकते. तिचं मराठी तोडकंमोडकं आहे, तुमचं इंग्रजी मला ठाऊक आहे. तुम्ही दोघी अडाल, गोंधळाल, एखादी गोष्ट चार वेळा सांगाल. अडू द्या.

ती तिच्या खोलीत असेल, दार लावून. परीक्षित आणि मी त्या वेळी बाहेर चालायला जाणार आहोत, तासभर. तुमच्यात काय बोलणं झालं ते तुम्ही मला सांगू नका. मी तिलाही विचारणार नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तुम्ही दोघी बोलाल आणि मध्ये मी नसेन.

आश्लेषा